पक्षी-पर्यटन आणि वन्य पक्ष्यांची वीण

शेताच्या बांधावर, गावतळ्याच्या काठी व माळरानावर वावरणाऱ्या पक्ष्यांकडे शेतकरी आजवर दोन दृष्टींनी पाहत आला आहे. कणसातील दाणे टिपणारा पक्षी हा त्याच्या राखणीचा विषय होता. किडी व उंदीर खाणारा पक्षी हा त्याचा न बोलाविलेला मदतनीस होता. अलीकडे यात तिसऱ्या दृष्टीची भर पडली आहे. पक्षी पाहण्यासाठी व त्यांची छायाचित्रे घेण्यासाठी शहरांतील मंडळी मोठ्या संख्येने खेड्यांकडे येऊ लागली आहेत. उजनी जलाशयाच्या काठी, भिगवण परिसरात, मासेमारी करणारी कुटुंबे हिवाळ्यात आपल्या होड्यांतून पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवितात. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे पाणथळ क्षेत्र २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र ठरले. त्याच वर्षी राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. होडीचे भाडे, निवास, भोजन व वाटाड्याचे काम यांतून गावात चार पैसे येतात, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे.

तथापि या नव्या उद्योगाची एक बाजू गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी वेळीच समजून घेतली पाहिजे. पाहुण्यांना सर्वांत अधिक आकर्षण असते ते घरट्याचे. पिलांना भरविणारी मादी, अंड्यांवर बसलेला पक्षी, नराचे नृत्य ही दृश्ये टिपण्यासाठी लोक दूरवरून येतात व त्यासाठी पैसेही मोजतात. परंतु पक्ष्याच्या जीवनातील अत्यंत नाजूक काळ तोच असतो. ज्या घरट्याच्या जोरावर हा उद्योग चालावयाचा, तेच घरटे त्या उद्योगामुळे ओस पडले तर पुढील वर्षी दाखविण्यास काय उरणार? घरटे म्हणजे पक्ष्यांचे बियाणे होय, आणि बियाणे विकून खाणाऱ्याचे शेत पुढल्या हंगामात पडीक राहते. हे बियाणे राखून उद्योग कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विणीचा काळ नाजूक का?

घरच्या कोंबडीवरून ही गोष्ट सहज ध्यानात येईल. कोंबडी खुडूक झाली म्हणजे घरातील गृहिणी तिला अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात पाटीत बसविते. एकवीस दिवस तिला कोणी उठवीत नाही. मुलांनाही तिच्याजवळ फिरकू देत नाहीत. उबवणी यंत्र वापरणाऱ्या कुक्कुटपालकास हेही ठाऊक असते की, यंत्रातील उष्णता ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावी लागते. ती फार उतरली किंवा चढली तर अंड्यातील गर्भ दगावतो. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांनाही जवळजवळ तेवढीच ऊब लागते. अंतर इतकेच की, त्यांना पाटी नाही, छप्पर नाही आणि राखण करणारी गृहिणीही नाही.

आपल्या पठारी भागात अनेक पक्षी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालतात. टिटवी शेतात किंवा माळावर खडे जमवून साधारणतः चार अंडी घालते. रातवा तर काहीही न रचता भुईवरच दोन अंडी घालतो. मे महिन्याच्या दुपारी उघड्या जमिनीचे तापमान ५० अंशांच्याही वर जाते. अशा वेळी अंड्यांवर बसलेला पक्षी त्यांना ऊब देत नसून सावली देत असतो. टिटवी तर पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसे भिजविते व त्या ओलाव्याने अंडी थंड राखते. आता याच वेळी चार माणसे घरट्यापासून वीस पावलांवर उभी राहिली, तर टिटवी उठून ओरडत घिरट्या घालू लागते. पाहणाऱ्यास ते दृश्य मौजेचे वाटते, पण तेवढ्या वेळात अंडी उन्हात भाजत असतात. पावसाळ्यात याच्या उलट घडते. अंगावर पिसे न फुटलेली पिले पावसात व वाऱ्यात उघडी पडली म्हणजे काकडून मरतात.

हानी कोणत्या मार्गांनी होते?

पाहुणा पक्ष्याला दगड मारीत नाही, अंडी पळवीत नाही. बहुधा तो पक्ष्यांवर प्रेम करणाराच असतो. म्हणूनच त्याच्या हातून होणारी हानी चटकन दिसत नाही. ती पुढील प्रकारे होते.

पहिला प्रकार घरटे सोडून जाण्याचा. वीण नुकतीच सुरू झाली असता, म्हणजे घरटे बांधण्याच्या किंवा अंडी घालण्याच्या दिवसांत, पक्ष्याने त्या जागेत फारसे श्रम गुंतविलेले नसतात. त्या वेळी त्रास झाला तर तो जागा सोडून देण्याचा संभव अधिक असतो. वसाहत करून राहणाऱ्या पक्ष्यांत एक जोडी उडाली की पाठोपाठ पुष्कळ उडतात. रोहित पक्षी हे याचे ठळक उदाहरण आहे. त्यांची वीण उजनीवर होत नाही. ती मुख्यतः कच्छच्या मोठ्या रणात होते आणि तेथे उपद्रव झाल्यास संबंध वसाहत उठून जाऊ शकते. उजनीवर ते चरण्यासाठी येतात. केवळ उडतानाचे चित्र मिळावे म्हणून होडी त्यांच्या थव्यात घातली, तर त्यांचे चरणे मोडते आणि अंगावरची चरबी उडण्यात खर्च होते. विणीसाठी साठवावयाचे बळ असे वाया जाते.

दुसरा प्रकार शत्रूला वाट दाखविण्याचा. जमिनीवरील अंड्यांचा रंग खड्यांत व मातीत असा मिसळलेला असतो की, ती चार हातांवरूनही ओळखू येत नाहीत. हेच त्यांचे संरक्षण होय. लोक वारंवार एकाच जागी गेले म्हणजे गवतात पायवाट पडते व त्या वाटेने कुत्रा, मुंगूस किंवा कोल्हा घरट्यापर्यंत पोचू शकतो. कावळा तर हुशार. मादी घरट्यावरून उठलेली पाहताच तो संधी साधतो. पाहुण्यांनी टाकलेले खाद्यपदार्थ कावळ्यांना व भटक्या कुत्र्यांना त्या जागेची चटक लावतात.

तिसरा प्रकार भरविण्यात खंड पडण्याचा. धनेश पक्ष्याची मादी झाडाच्या ढोलीत शिरून तिचे तोंड लिंपून घेते व केवळ एक फट ठेवते. कित्येक आठवडे ती आत कोंडलेली असते. या काळात तिची उडण्याची पिसे गळतात व तिचा आणि पुढे पिलांचा सर्व भार एकट्या नरावर असतो. हा नर अतिशय सावध असतो. झाडाखाली माणसे दिसली तर चोचीत फळे घेऊन तो दूर फांदीवर थांबून राहतो किंवा परत फिरतो. खाली वाट पाहणारी मंडळी जितका वेळ थांबतील तितका वेळ आतील कुटुंब उपाशी राहते.

चौथा प्रकार आडोसा काढण्याचा. चित्र स्वच्छ यावे म्हणून घरट्यासमोरील डहाळी वाकविली किंवा छाटली जाते. तीच डहाळी पिलांना ऊन, पाऊस व शिकारी पक्षी यांपासून झाकीत असते. एकदा ती गेली की संकट चोवीस तास उभे राहते. पाहुणा मात्र तासाभराने निघून गेलेला असतो.

पाचवा प्रकार ध्वनिमुद्रित आवाजाचा. भ्रमणध्वनीवर नराची साद वाजविली की, आपल्या क्षेत्रात परका नर शिरला असे समजून खरा नर धावून येतो. दिसत नसलेल्या शत्रूचा शोध घेण्यात त्याचा वेळ व बळ खर्ची पडते. दिवसातून पाच गटांनी हाच खेळ केला, तर चारा आणण्यास व घरटे राखण्यास तो उरत नाही.

सहावा प्रकार शेतकऱ्याच्या थेट अनुभवाचा. गोंदिया भागात सारस पक्षी भातशेतात व तळ्याकाठी पाण्यातच काडीकचऱ्याचा मोठा ढीग रचून साधारणतः दोन अंडी घालतो. अंडी उबण्यास महिन्याहून थोडे अधिक दिवस लागतात. बाहेर आलेले पिलू सुमारे तीन महिने उडू शकत नाही. या राज्यात सारसांची संख्या अगदी थोडी उरली आहे. एका घरट्याभोवती दहा माणसे चिखलातून फिरली तर भाताचे रोप तुडविले जाते, बांध फुटतो आणि सारसही घरट्यापासून दूर राहतो. शेतकऱ्याचे पीक व पक्ष्याची वीण या दोहोंचे नुकसान एकाच पावलाने होते.

शांत बसलेला पक्षी निर्धास्त असतोच असे नाही

“आमच्या इकडील पक्षी माणसाला सरावले आहेत, ते उडतसुद्धा नाहीत,” असे वाटाडे पुष्कळदा सांगतात. या समजुतीची शास्त्रीय परीक्षा परदेशांत झालेली आहे व तिचे निष्कर्ष आपणांस उपयोगी पडण्यासारखे आहेत.

दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात कुयाबेनो नावाचे संरक्षित अरण्य आहे. तेथील जलमार्गांच्या काठच्या झाडांवर होआत्झिन नावाचा पक्षी घरटे करतो व पर्यटक होड्यांतून तो पाहतात. या पक्ष्याचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. पर्यटकांच्या वाटेवरील प्रौढ पक्षी होडी बरीच जवळ येईपर्यंत उडत नसत. म्हणजे ते सरावले होते असे वरवर दिसत होते. पण पिलांची गोष्ट निराळी निघाली. पर्यटकांच्या भागातील पिले वजनाने कमी भरली, त्यांच्या शरीरात भीतीच्या वेळी पाझरणाऱ्या रसाचे प्रमाण अधिक वाढत होते आणि त्यांतील मृत्यूही अधिक होते.

न्यूझीलंडमधील पिवळ्या डोळ्यांच्या पेंग्विनाचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्या किनाऱ्यावर पर्यटकांवर कसलेही नियंत्रण नव्हते, तेथील पक्ष्यांत ताणाचे लक्षण अधिक आढळले व त्यांची वीण कमी यशस्वी झाली. पिले घरटे सोडून समुद्राकडे निघतात त्या वेळी त्यांचे वजनही कमी भरले. ज्या पिलाचे वजन कमी, त्याचा पुढे निभाव लागणे कठीण. दुबळे वासरू दुष्काळात टिकत नाही, तसेच हे आहे.

या दोन्ही अभ्यासांचा बोध एकच. पक्षी उडाला नाही एवढ्यावरून त्याला त्रास झाला नाही असे म्हणता येत नाही. खरी परीक्षा घरट्यातून किती पिले सुदृढ होऊन बाहेर पडली हीच होय. ज्याप्रमाणे पिकाची परीक्षा हिरव्या पानांवरून न करता खळ्यावरील राशीवरून करावयाची, त्याप्रमाणेच हे आहे.

ज्या गावांनी वीण राखली

पाहुणे आणि पक्षी एकत्र नांदूच शकत नाहीत असे मात्र समजू नये. तामिळनाडूतील चेंगलपट्टू जिल्ह्यात वेदांथंगल नावाचे गाव आहे. तेथील तळ्यातील झाडांवर बगळे, पाणकावळे, चित्रबलाक इत्यादी पक्षी हजारोंच्या संख्येने घरटी करतात. त्यांची विष्ठा तळ्यात पडते, ते पाणी भातशेतीस मिळते व खताचे काम करते, हे तेथील शेतकऱ्यांनी फार पूर्वीच ओळखले होते. पक्ष्यांची शिकार होऊ नये म्हणून त्यांनी तत्कालीन इंग्रज कलेक्टर लायनेल प्लेस यांजकडून १७९८ साली कौल मिळविला. म्हणजे पक्षी राखण्याची प्रेरणा तेथे शेतीतून आली आहे. आज तेथे पुष्कळ पाहुणे येतात. त्यांनी तळ्याच्या बांधावरून चालावे व मनोऱ्यावरून पाहावे अशी व्यवस्था आहे. घरट्यांची झाडे पाण्यात व माणसे बांधावर, असे अंतर जागेनेच राखले गेले आहे.

कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात कोक्करे बेळ्ळूर येथे तर झोळीवाले व चित्रबलाक गावातील घरांलगतच्या चिंचेच्या व इतर झाडांवर घरटी करतात. गावकरी त्यांना शुभ मानतात व झाडाखाली पडलेली विष्ठा खतासाठी वापरतात. घरट्यांमुळे चिंचेचे उत्पन्न बुडते म्हणून वनखात्याने झाडाच्या मालकांस मोबदला देण्याची पद्धत ठेवली. २००७ साली हे क्षेत्र सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले. रोज अंगणात काम करणाऱ्या, वर न पाहता आपल्या वाटेने जाणाऱ्या माणसाची या पक्ष्यांना भीती वाटत नाही. बैलगाडी, नांगरट व गुरे यांनाही पक्षी सरावतात. परंतु थेट आपल्याकडे रोखून येणारा, थांबणारा व टक लावून पाहणारा माणूस हा त्यांच्या लेखी शिकारीच असतो. हा भेद वाटाड्याने विसरू नये.

आपल्या भागातील वीण कोणत्या महिन्यांत?

पेरणीचे वेळापत्रक जसे ठाऊक असावे लागते, तसेच विणीचेही. पुढील महिने साधारण आहेत. पाऊसमानाप्रमाणे त्यांत थोडा फरक पडतो.

टिटवी : मार्च ते ऑगस्ट; शेत, माळ, पाणवठ्याचा काठ.
नदी सुरय : मार्च ते मे, नदीतील वाळूची बेटे व जलाशयातील उघडी पडलेली जमीन.
धनेश : हिवाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, जुन्या झाडांच्या ढोली.
शेकाट्या : एप्रिल ते ऑगस्ट, उथळ पाण्याचा काठ.
सुगरण : जून ते सप्टेंबर, विहिरीवरील व ओढ्याकाठच्या बाभळी.
कमळपक्षी : जून ते सप्टेंबर, तळ्यातील तरंगती पाने.
तिबोटी खंड्या : जून ते सप्टेंबर, कोकणातील ओढ्यांच्या व रस्त्यांच्या मातीच्या दरडी.
सारस : पावसाळा, भातशेत व पाणथळ जागा.

चित्रबलाक व बगळे यांच्या वसाहती मात्र पाण्याच्या मानाने निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या महिन्यांत भरतात. आपल्या गावातील वसाहत केव्हा भरते हे गुराख्यांस व कोळी बांधवांस विचारून नोंदवून ठेवावे.

यांपैकी तिबोटी खंड्याविषयी विशेष सांगितले पाहिजे. हा चिमुकला, अनेकरंगी पक्षी मातीच्या दरडीत सुमारे हातभर लांब बीळ करतो. अंडी उबण्यास सुमारे सतरा-अठरा दिवस व पिले उडती होण्यास सुमारे वीस दिवस लागतात. म्हणजे जागा राखावयाची ती अवघी सहा आठवडे. पण याच सहा आठवड्यांत कोकणातील एखाद्या दरडीसमोर छायाचित्रकारांची रांग लागते. बिळात उपाशी असलेली पिले आणि चोचीत मासा किंवा खेकडा धरून फांदीवर ताटकळलेला पक्षी यांच्यामध्ये ही रांग उभी असते.

गावाने करावयाची व्यवस्था

१. विणीच्या जागा पाहुण्यांस उघड करू नयेत. घरट्याचे ठिकाण भ्रमणध्वनीवरील संदेशातून एकदा पसरले की ते परत घेता येत नाही. वाटाड्यांनी आपापसांत असा नियम करावा की, घरट्याचे चित्र व जागा वीण संपेपर्यंत कोणासही पाठवावयाची नाही.

२. अंतराची खूण रोवावी. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बगळ्यांसारख्या पक्ष्यांच्या वसाहतीपासून सुमारे १०० मीटर व सुरय पक्ष्यांच्या मिश्र वसाहतीपासून सुमारे १८० मीटर अंतर राखण्याची शिफारस आहे. आपल्याकडेही आरंभास हेच माप धरण्यास हरकत नाही. बांबू रोवून त्यांस सुताची दोरी बांधावी. दोरीच्या आत कोणीही जाऊ नये.

३. पक्ष्याची भाषा ओळखावी. चरणे थांबवून मान उंचावणे, ओरडणे, पंख लोळवून लंगडल्याचे सोंग करणे, चोचीत चारा असूनही घरट्यात न शिरणे, डोक्यावर घिरट्या घालणे, ही सर्व “मागे सरा” अशी सूचना होय. ती मिळताच सर्वांनी आल्या वाटेने मागे यावे.

४. वाट एकच असावी. पाहुण्यांना बांधावरून किंवा ठरावीक पायवाटेने न्यावे. उभ्या पिकातून, गवतातून किंवा वाळूच्या बेटावर नेऊ नये. वाट घरट्यापाशी संपू नये. ती दुरून पुढे निघून जावी.

५. वेळ पाळावी. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर व दुपारी, तसेच पाऊस पडत असता, कोणत्याही घरट्याच्या परिसरात लोकांना नेऊ नये. दुरून पाहतानाही एका गटाने थोडाच वेळ थांबावे व एका दिवसात गटांची संख्या मर्यादित असावी.

६. होडी बेतास बात ठेवावी. विणीच्या बेटाला होडी लावू नये, बेटाभोवती फेऱ्या मारू नयेत व थवा उडविण्यासाठी यंत्राचा वेग वाढवू नये.

७. ध्वनिमुद्रित साद, घरट्यावर प्रकाशझोत व उडते कॅमेरे यांस पूर्ण मनाई असावी. डहाळी छाटणे व बांधणे यांसही मनाई असावी.

८. कुत्री सोबत नसावीत व खरकटे मागे राहू नये.

हे नियम ग्रामसभेत वाचून मंजूर करून घ्यावेत व एका फळ्यावर मराठीत लिहून गावाच्या वेशीवर लावावेत. नियम गावाचा असला म्हणजे एकट्या वाटाड्यास पाहुण्यापुढे संकोच वाटत नाही.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यामध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. पक्ष्यांची अंडी नष्ट करणे, तसेच अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे याचाही तीत समावेश होतो. याचा अर्थ, संरक्षित पक्ष्याच्या घरट्याशी छेडछाड करणारा पाहुणा व त्यास तेथे नेणारा वाटाडा हे दोघेही अडचणीत येऊ शकतात. अशी घटना दिसल्यास भांडण न करता जवळच्या वनरक्षकास कळवावे. अभयारण्याच्या हद्दीत तर वनखात्याच्या परवानगीवाचून कोणतीही व्यवस्था करू नये.

उत्पन्नाचे काय?

एका गावच्या बैठकीत एका वयोवृद्ध शेतकऱ्याने प्रस्तुत लेखकास विचारले, “साहेब, पक्षी आमच्या बांधावर, आणि पैसे देणारा पाहुणा आमच्या दारात. मग आम्ही नाही का म्हणावे?” हा प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर हिशेबानेच दिले पाहिजे.

घरटे दाखविण्याचे उत्पन्न काही आठवड्यांचे असते. घरटे फसले तर ते त्याच वर्षी थांबते, आणि जोडीने जागा सोडली तर पुढील वर्षीही मिळत नाही. उलट वीण यशस्वी झाली तर पक्षी त्या परिसरात वाढतात, पिले हिंडूफिरू लागल्यावर ती मोकळ्या जागी दिसतात व पाहुणे वर्षानुवर्षे येत राहतात. ज्या पक्ष्याची वीणच मंद आहे त्याच्या बाबतीत हा हिशेब अधिकच कडक होतो. माळढोक एका विणीत बहुधा एकच अंडे घालतो. सोलापूरनजीक नान्नज येथील अभयारण्य १९७९ साली त्याच्यासाठी निर्माण झाले, तरी आज महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. याची कारणे अनेक आहेत व त्यांत माळरानांचा ऱ्हास हे मोठे कारण आहे. परंतु एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याचे एक घरटे फसणे म्हणजे त्या जोडीचे बहुधा संबंध वर्ष बुडणे होय.

शिवाय पाहुण्याला देण्यासारखे गावापाशी पुष्कळ असते. हिवाळ्यात दूरदेशीहून येणारी बदके व पाणपक्षी यांची आपल्याकडे वीण नसते. ते दुरून दाखविण्यास तो उत्तम हंगाम होय. सुगरणीची घरटी विहिरीच्या पलीकडील काठावरून पाहता येतात. ज्वारीचा हुरडा, चुलीवरचे जेवण, शेतीची कामे व जुन्या माणसांच्या तोंडून पक्ष्यांविषयीच्या समजुती यांतही शहरातील माणसास गोडी असते. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, ही समजूत ऐकूनच तो वही काढतो. विणीच्या महिन्यांत या गोष्टींवर भर द्यावा. तळे पाहण्यासाठी काठापासून दूर, झुडपांच्या आडोशाला, बांबू व पाचट यांचे आडपडद्याचे खोपटे गावाने बांधावे. ते वीण सुरू होण्यापूर्वीच उभारावे, म्हणजे पक्षी त्यास सरावतात.

आणखी एक लाभ विसरू नये. कोतवाल, नीलपंख व वेडा राघू हे पक्षी कीटकांवर जगतात. गव्हाणी घुबड उंदरांवर जगते. दाणे खाणारी सुगरणसुद्धा आपल्या पिलांना किडेच भरविते. शेताच्या परिसरातील यशस्वी वीण म्हणजे बिनखर्चाचे पीक-संरक्षण होय. पर्यटनाच्या चार पैशांसाठी हे गमावणे शेतकऱ्यास परवडणारे नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

खताच्या प्रात्यक्षिकात आपण एक वाफा खताविना ठेवतो, म्हणजे फरक डोळ्यांना दिसतो. तोच मार्ग येथेही अवलंबावा. गावच्या हद्दीत दुरून दिसणाऱ्या घरट्यांची एक साधी नोंदवही ठेवावी. तीत पक्ष्याचे नाव, घरटे प्रथम दिसल्याचा दिवस, जागेचा प्रकार, त्या बाजूस आलेल्या गटांची संख्या आणि अखेरीस उडून गेलेल्या पिलांची संख्या हे रकाने असावेत. ज्या बाजूस पाहुणे अजिबात नेलेले नाहीत, तेथील घरट्यांचीही तशीच नोंद करावी. नोंद घेणाऱ्याने स्वतः मात्र घरट्याजवळ जाऊ नये; आठवड्यातून एकदा दुर्बिणीतून पाहणे पुरे.

एका वर्षाच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. अवकाळी पाऊस, साप किंवा पाण्याची चढउतार यांमुळेही घरटी फसतात. दोन-तीन हंगामांची वही समोर ठेवल्यावर, पाहुण्यांच्या बाजूची घरटी सातत्याने अधिक फसत आहेत असे दिसले, तर दोरी आणखी मागे सरकवावी किंवा ती बाजू विणीच्या काळात बंद करावी. फरक दिसला नाही, तर आपली व्यवस्था योग्य आहे असे समजून ती तशीच चालू ठेवावी. शाळेतील शिक्षक व मोठ्या वर्गातील मुले यांची या कामी चांगली मदत होईल.

पाहुणा येवो, पक्षी पाहो आणि समाधानाने परत जावो. त्याच्या येण्याने शेतकऱ्याच्या घरास हातभार लागो. परंतु खुडूक कोंबडीस जो शांतपणा आपण घरात देतो, तोच बांधावरील टिटवीस, बाभळीवरील सुगरणीस व भातातील सारसास देणे हे त्या उत्पन्नाचे भांडवल आहे. येत्या विणीच्या हंगामापूर्वी प्रत्येक गावाने आपल्या जागांची पाहणी करून दोरी, फळा व नोंदवही एवढी तयारी अवश्य करावी.